पहिलं हेल्मेट कधी: नऊ महिने, एक वर्ष, दोन वर्षं की पेडल आल्यावर?

लहान मुलाच्या सायकल हेल्मेटवरून घरात वाद झाला तर तो बहुतेक वयावरून होतो. एक जण म्हणतो, सीटवर बसवायचं तर पहिल्या दिवसापासून हेल्मेट हवंच. दुसरा म्हणतो, एवढ्याशा मानेवर ओझं कशाला, स्वतः चालवायला लागू दे, मग बघू. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मान हेल्मेट पेलत नसेल तर मुलाला चाकांवर बसवायचंच नाही, आणि चाकांवर बसवायचं तर हेल्मेटशिवाय नाही. म्हणजे हेल्मेटची सुरुवात आणि सायकलची सुरुवात एकाच दिवशी. मग ठरवायचं उरतं ते एवढंच, की कोणत्या चाकांवर कधी बसवायचं आणि त्या वयाला कोणतं हेल्मेट घ्यायचं.

कायद्याकडे बघून हे ठरवता येत नाही. हेल्मेटचे बहुतेक कायदे वयाची वरची मर्यादा सांगतात: स्वीडनमध्ये २००५ पासून १५ वर्षांखालच्यांना सक्ती, ऑस्ट्रियात २०११ पासून १२ वर्षांखालच्यांना, फ्रान्समध्ये २०१७ पासून १२ वर्षांखालच्यांना, तीही मागे बसणाऱ्यासकट. नेदरलँड्समध्ये साध्या सायकलसाठी सक्तीच नाही. खालची मर्यादा सांगणारे कायदे कमी. न्यूयॉर्क राज्याचा कायदा त्यातला एक: एक वर्षाखालच्या मुलाला सायकलवर न्यायलाच तिथे मनाई आहे.

नऊ महिने की एक वर्ष?

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, कारण दोन विश्वासार्ह ठिकाणी दोन वेगळे आकडे दिसतात. चाइल्ड सीटच्या खोक्यावर बहुधा '९ महिने' किंवा '९ किलो' असं छापलेलं असतं. युरोपच्या ईएन १४३४४ या सीटच्या मानकात वजनाचे गट ९ किलोपासूनच सुरू होतात: ९ ते १५ किलो आणि ९ ते २२ किलो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र सांगते की १२ महिन्यांखालचं मूल सायकलवर प्रवासी म्हणून नेऊ नये.

खोक्यावरचा आकडा सीटचा आहे. सीट किती वजन धरेल आणि मूल त्यात बसू शकेल का, एवढंच तो सांगतो. डोक्यावर हेल्मेट चढवून, रस्त्याच्या खडखडाटात, अर्धा तास मान ताठ ठेवता येईल का, याच्याशी त्याचा संबंध नाही. डॉक्टर बघतात ते मानेकडे.

वजनाचा हिशेब केला तरी नऊ महिने फार लवकर ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यात वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो आणि मुलीचं ८.९ किलो आहे. म्हणजे सरासरी मुलगी पहिल्या वाढदिवसालाही सीटच्या खालच्या मर्यादेत पुरती बसत नाही, नवव्या महिन्याचं तर सोडाच.

मानेची गोष्ट अशी. प्रौढाचं डोकं साडेचार-पाच किलोचं, त्यावर तीनशे ग्रॅमचं हेल्मेट जाणवतसुद्धा नाही. लहान मुलांची हेल्मेटं साधारण २०० ते ३०० ग्रॅमची असतात, म्हणजे जवळपास तेवढीच जड. पण बाळाचं डोकं हलकं, मान बारीक आणि स्नायू नुकतेच तयार होत आलेले. त्यात शरीराच्या मानाने डोकंच मोठं. खड्ड्यात चाक गेलं की डोकं पुढे झुकतं आणि हेल्मेटचं वजन त्या झोक्यात भर घालतं.

कॅलेंडरपेक्षा घरची साधी चाचणी जास्त सांगते. बाळाला जमिनीवर, कुठलाही टेकू न देता बसवा. हेल्मेट नीट बसवून पट्टा लावा आणि दहा मिनिटं खेळू द्या. खेळणं डावीकडे धरा, उजवीकडे धरा, डोक्याच्या वर धरा. मान तिन्ही दिशांना सहज वळली, आणि दहाव्या मिनिटालाही हनुवटी वर राहिली, तर मान तयार आहे. हनुवटी हळूहळू छातीकडे यायला लागली, मूल एका बाजूला कलतंय किंवा मागे बघताना तोल जातोय, तर महिनाभर थांबा आणि पुन्हा बघा. 'मान धरली' आणि 'मान हेल्मेट पेलते' यात कित्येक महिन्यांचं अंतर असतं.

टाळू भरेपर्यंत थांबावं का, असंही विचारलं जातं. टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांत भरते, काहींची दोन वर्षांपर्यंत. निकष मानेचा धरा, टाळूचा नाही. नीट बसलेलं हेल्मेट डोक्याला सगळीकडून सारखं टेकतं, मधोमध दाबत नाही. एका ठिकाणी दाबत असेल तर ते मापाचंच नाही.

एका धोक्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही: झोप. सीटवर मूल पेंगतं, डोकं पुढे लटकतं, हेल्मेटच्या वजनाने हनुवटी छातीला टेकते, आणि लहान बाळाची श्वासनलिका अशा स्थितीत अरुंद होते. पेंगायला लागलं की थांबायचं. झोपेच्या वेळेला सायकल काढायचीच नाही, हा नियम हेल्मेटच्या कुठल्याही खुबीपेक्षा कामाचा.

आमचं मत स्पष्ट आहे. बारा महिने ही किमान रेषा. बाळ चणीने लहान असेल तर चौदा-पंधरा महिने. आणि पाठीवरच्या किंवा छातीवरच्या झोळीत बाळ बांधून सायकल चालवणं कुठल्याच वयाला नाही. तुम्ही पडलात तर तुमचं पूर्ण वजन त्याच्यावर येईल, आणि त्यावर हेल्मेटकडे उत्तर नाही.

'आम्ही हळूच चालवतो' याला उत्तर

सपाट रस्त्यावर पडताना डोकं जमिनीवर किती जोराने आपटेल, हे प्रामुख्याने डोकं किती उंचीवर होतं त्यावर ठरतं. सायकलचा वेग त्यात घसरण, मुरड, समोरच्या भिंतीला किंवा गाडीला धडक अशी भर घालतो. पण सायकल जागेवर उभी असतानाही उंची तशीच असते. सरळ खाली पडलेल्या वस्तूचा हिशेब मांडला तर चित्र असं दिसतं (उंची साधारण आहे, मुलाप्रमाणे थोडी कमी-जास्त होईल):

| कशावर | डोक्याची उंची | जमिनीवर आदळताना वेग |
|---|---|---|
| तीनचाकी | ०.७ मीटर | ताशी १३ किमी |
| बॅलन्स बाइक (पेडल नसलेली, पायांनी ढकलायची) | ०.८५ मीटर | ताशी १५ किमी |
| पाच वर्षांच्या मुलाची पेडल सायकल | १.१ मीटर | ताशी १७ किमी |
| मोठ्यांच्या सायकलची मागची सीट | १.३ मीटर | ताशी १८ किमी |

सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान मुलाच्या वाट्याला येतो, हे बघा. स्वतः न चालवणारं, हात पुढे करून स्वतःला सावरू न शकणारं, पट्ट्यांनी सीटला बांधलेलं मूल सगळ्यात उंचावरून पडतं. आणि ते पडतं कधी? सायकल स्टँडवर लावून तुम्ही पिशवी उचलायला वळता तेव्हा. मागे दहा-बारा किलोचं हलतं वजन, एकपायी स्टँड, थोडा उतार, एवढं पुरतं. म्हणून क्रम पाळा: आधी हेल्मेट, मग मूल सीटवर, मग सीटचे पट्टे. उतरताना उलटा: पट्टे, मूल खाली, आणि मग हेल्मेट. एक हात कायम सायकलवर. मूल सीटवर असताना सायकल नुसत्या स्टँडच्या भरवशावर सोडायची नाही, दोनपायी रुंद स्टँड असला तरी.

सीट की ट्रेलर?

सीटवर मूल तुमच्या जवळ असतं, बोलता येतं, पण उंचावर असतं. सायकलच्या मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये ते जमिनीलगत, सांगाड्याच्या आत, पाच ठिकाणच्या पट्ट्यांनी बांधलेलं. जोडणीला फिरता सांधा असल्याने तुमची सायकल आडवी झाली तरी ट्रेलर उभा राहतो. ट्रेलर उलटतो तो वेगात वळताना एक चाक कडेच्या उंचवट्यावर चढलं तर.

ट्रेलरमध्ये हेल्मेट लागतं का? लागतं, पण एक अडचण आधी तपासा. हेल्मेटचा मागचा भाग जाड असतो. सरळ पाठीच्या सीटमध्ये तो पाठीला अडतो आणि डोकं पुढे ढकलतो. मग मूल सतत स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसतं आणि दहा मिनिटांत रडायला लागतं. चांगल्या ट्रेलरच्या पाठीत डोक्याच्या जागी खोलगट कप्पा किंवा सैल जाळी असते. नसेल तर मागून चपट असलेलं हेल्मेट शोधा. हाच त्रास उंच पाठीच्या मागच्या सीटवरही होतो. तेव्हा हेल्मेट घ्यायला जाताना मुलाबरोबर सीटही न्या, किंवा घरी आणलेलं हेल्मेट लेबल न काढता सीटमध्ये बसवून बघा.

पुढच्या सीटची मर्यादा १५ किलो, मागचीची २२ पर्यंत. पुढच्या सीटवरचं मूल तुमच्या हातांच्या मध्ये असतं आणि हँडलवर आपटण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे कपाळ झाकणारं हेल्मेट जास्त महत्त्वाचं.

दीड-दोन वर्षं: बॅलन्स बाइक आणि तीनचाकी

मुलाला मागे बसवून नेण्याचा तुमचा बेतच नसेल, तर पहिलं हेल्मेट इथे येतं. पायांनी ढकलायची, पेडल नसलेली बॅलन्स बाइक मुलं दीड ते दोन वर्षांत धरतात. पहिले काही आठवडे ती नुसती चालतात आणि हेल्मेट उगाच वाटतं. मग एक दिवस दोन्ही पाय वर उचलून उतारावरून सुटतात. तो दिवस आधी कळवून येत नाही.

तीनचाकीबद्दल मतं वेगवेगळी आहेत. घरात, फरशीवर, मोठ्यांच्या नजरेसमोर, हलकी तीनचाकी असेल तर हेल्मेटचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मागे दांडा असलेली, मोठ्यांनी ढकलायची गाडी ही बाबागाडीच्या जवळची. पण अंगणात, उतारावर, काँक्रीटवर, स्वतः पेडल मारत असेल तर हेल्मेट घाला. सुरक्षेइतकंच सवयीचंही कारण त्यामागे आहे. डोक्याला उगाच बांधलेलं काहीतरी म्हणून दीड वर्षाचं मूल हेल्मेट ओढून काढतं. तीनचाकीवर बसताना रोज ते घालतं, तेव्हा हेल्मेट हा गाडीचाच एक भाग होऊन बसतो, जसं चप्पल हा बाहेर जाण्याचा भाग.

पेडल आल्यावर, चार-पाच वर्षांला?

हा पर्याय सोपा वाटतो: मान पक्की, मापं भरपूर, मूल सांगितलेलं समजणारं. आधी कुठल्याच चाकांवर बसलेलं नसेल तर यात चुकीचं काहीच नाही. अडचण येते ती आधी दोन वर्षं उघड्या डोक्याने बॅलन्स बाइक हाकलेल्या मुलाला. त्याच्या दृष्टीने सायकल आधीपासून होतीच, हेल्मेट ही नवी कटकट. त्यात चार वर्षांच्या मुलाकडे कारणं असतात: गरम होतं, टोचतं, मित्र घालत नाही. दीड वर्षाचं मूल रडतं आणि विसरतं, पाच वर्षांचं वाटाघाटी करतं. वाटाघाटीत उपयोगी पडते ती एकच गोष्ट: हेल्मेट नाही तर सायकल नाही. ओरडायचं नाही, रागवायचं नाही, सायकल आत ठेवायची. एकदा सूट दिली की पुढचे दहा दिवस तिचाच हवाला मिळतो. आणि तुम्ही स्वतः उघड्या डोक्याने चालवत असाल तर हा नियम टिकत नाही.

हेल्मेटचा फायदा किती, याचेही आकडे आहेत. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या १९९९ च्या आढाव्यात अपघात झालेल्या सायकलस्वारांमध्ये डोक्याची आणि मेंदूची दुखापत ६३ ते ८८ टक्के कमी दिसली. २०१६ मधल्या ऑलिव्हियर आणि क्राइटन यांच्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात आकडे जरा खाली आले: डोक्याची दुखापत ५१ टक्के, गंभीर दुखापत ६९ टक्के आणि चेहऱ्याची ३३ टक्के कमी. चेहऱ्याचा आकडा ध्यानात ठेवा. दात आणि नाक हेल्मेट फारसं वाचवत नाही. तोंड फुटलं म्हणून हेल्मेट वाया गेलं, असं मानू नका.

लेबल वाचून निवडायचं

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं (सीपीएससी) मानक १९९९ च्या मार्चपासून बनलेल्या हेल्मेटांना लागू आहे. त्यात दोन गट आहेत: 'वय ५ आणि पुढे' आणि 'वय १ आणि पुढे'. दुसऱ्या गटात डोक्याचा मागचा भाग जास्त खालपर्यंत झाकावा लागतो. दुकानात दोन्ही सारखीच गोजिरवाणी दिसतात, फरक आतल्या लेबलवर. दोन वर्षांच्या मुलाला लहान मापाचं '५ आणि पुढे' हेल्मेट घट्ट बसत असलं तरी ते त्याच्यासाठी बनवलेलं नाही.

युरोपचं साध्या सायकल हेल्मेटचं मानक ईएन १०७८, आणि लहान मुलांच्या खास हेल्मेटचं ईएन १०८०. चाचणीत सीपीएससी हेल्मेट सपाट ऐरणीवर २ मीटरवरून आपटते आणि ३०० जीपर्यंत (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींपर्यंत) धक्का मान्य करते. ईएन १०७८ दीड मीटरवरून आपटतं, पण मर्यादा २५० जी. अमेरिकन चाचणी जास्त उंचीची, युरोपीय जास्त मवाळ धक्क्याची. त्यात आणखी एक फरक: सीपीएससी सगळ्या मापांसाठी ५ किलोचा भार वापरते, युरोपात सगळ्यात लहान नमुना-डोकं ३.१ किलोचं असतं. हलक्या डोक्याखाली फार कडक फोम नीट चेपत नाही, म्हणून अगदी लहानांसाठी, दोन्ही समोर असतील तर, युरोपीय चाचणीकडे आमचा थोडा कल आहे. पण दोन्हींपैकी एकही शिक्का नसलेल्या हेल्मेटापुढे हा फरक किरकोळ आहे. चालायला शिकणाऱ्या बाळांसाठी मऊ कापडी टोप्या मिळतात, त्या हेल्मेट नव्हेत. मोटरसायकलचं लहान हेल्मेटही पर्याय नाही, कारण त्याचं वजनच मानेच्या विरोधात जातं.

ईएन १०८० ची खूण म्हणजे हिरवं बक्कल. ते ९० ते १६० न्यूटन ओढीला, म्हणजे साधारण ९ ते १६ किलो लोंबकळलं की आपोआप सुटतं. कारण गंभीर आहे: हेल्मेट घालून घसरगुंडीवर किंवा जंगलजिमवर चढलेल्या मुलाचं हेल्मेट दोन दांड्यांत अडकतं, शरीर खाली घसरतं आणि पट्टा गळ्याला फास लावतो. अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. मग हिरवं बक्कल सगळ्यांनीच घ्यावं का? बागेत बॅलन्स बाइक टाकून झोक्याकडे धावणाऱ्या मुलाला ते योग्य. सीटवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या मुलाला साधं, न सुटणारं बक्कल, कारण पहिल्या झटक्यात हेल्मेट निघालं तर दुसऱ्या आपटण्याला डोकं उघडं. कोणतंही घेतलं तरी नियम एकच शिकवा: चाकांवरून उतरलं की हेल्मेट डोक्यावरून उतरलं.

कवचाचे दोन प्रकार. पातळ कवच फोमवरच साच्यात घट्ट बसवलेलं असतं: हलकं, हवा खेळती, पण पिशवीत, बाकाखाली आदळून पोचे लवकर येतात. जाड प्लास्टिकचं गोल कवच चिकटवलेलं असतं: दणकट, पण जड आणि गरम. एक-दोन वर्षांला पहिला प्रकार, मान पक्की झाल्यावर दुसराही चालेल. आतल्या पांढऱ्या फोमचं, ईपीएसचं, थर्माकोलशी सख्खं नातं आहे. तो चेपून धक्का खातो आणि पुन्हा फुगत नाही.

मिप्स हा स्वीडनमधून आलेला आतला सरकता थर. डोकं तिरकं आपटलं की हेल्मेट १०-१५ मिलिमीटर सरकतं आणि मेंदूला बसणारी मुरड कमी होते. कल्पना पक्की आहे, मिळालं तर घ्या. पण त्या थरामुळे आतली जागा कमी होऊन हेल्मेट वर चढलेलं राहत असेल तर मिप्स नसलेलं, नीट बसणारं बरं.

'जरा मोठंच घे, वाढेल' हे खरं का?

कपड्यांचा हिशेब डोक्याला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलाच्या डोक्याचा मधला घेर पहिल्या वर्षाला ४६.१ सेंटिमीटर, दुसऱ्याला ४८.३, आणि पाचव्याला ५०.७. मुलीचा ४४.९, ४७.२ आणि ४९.९. म्हणजे एक ते पाच या चार वर्षांत डोकं जेमतेम पाच सेंटिमीटर वाढतं, त्यातलं जवळपास निम्मं दुसऱ्या वर्षातच. ४६ ते ५१ सेंटिमीटरचं हेल्मेट सरासरी मुलाला पहिल्या वाढदिवसापासून जवळजवळ पाच वर्षांपर्यंत पुरू शकतं. वाढीसाठी माप सोडायची गरजच नाही.

उलट बाजूही बघा. सरासरी मुलीचं डोकं वर्षाला ४५ सेंटिमीटरसुद्धा नसतं. ४६ पासून सुरू होणारं हेल्मेट तिला सैल होणार. अशा वेळी ४४ पासूनचं माप शोधा किंवा तीन-चार महिने थांबा. जाड पॅड भरून मोठं हेल्मेट लहान करू नका. फोमपासून डोकं लांब गेलं की पॅड आधी दबतो आणि हेल्मेट डोक्यावर फिरतं.

माप घेताना टेप भुवयांच्या वर साधारण एक सेंटिमीटर, कानांच्या वरून, मागे सगळ्यात फुगीर जागेवरून फिरवा. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. वेणी, अंबाडा, बो, क्लिप: रोज जशी केशरचना असते तसंच मोजा, किंवा त्याहून बरं, हेल्मेटखाली चपटी बसणारी केशरचनाच ठरवून टाका. उंच पोनीटेलवर कुठलंच हेल्मेट बसत नाही.

बसवताना काय चुकतं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मागे सरकलेलं हेल्मेट. कपाळ उघडं, हेल्मेट मागे टोपीसारखं. लहान मुलं तोंडघशी पडतात, म्हणजे नेमकं जिथे आपटणार तिथेच फोम नाही. पुढची कड भुवयांच्या वर मुलाच्या दोन बोटांइतकीच असावी. तुमच्या दोन बोटांनी मोजलंत तर ती जास्त वर जाईल.

मग बाजूचे पट्टे. पुढचा आणि मागचा पट्टा कानाच्या पाळीच्या लगेच खाली एकत्र आले पाहिजेत. त्या जोडाची सरकती क्लिप बहुतेक घरी कधीच हलवलेली नसते, ती दुकानातून आली तशी गळ्याजवळ लोंबत असते. जोड खाली असेल तर हेल्मेट मागे ढकललं की सहज सरकतं. क्लिप उघडा, दोन्ही पट्टे समान ताणून वर आणा, बंद करा.

हनुवटीखाली तुमचं एक बोट जाईल एवढीच जागा. खात्री अशी करा: मुलाला मोठी जांभई द्यायला सांगा. तोंड पूर्ण उघडल्यावर हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं तर पट्टा सैल आहे. हेल्मेट आवळायची मागची चकती शेवटी फिरवा, आणि पट्टा न लावता डोकं हलवल्यावर हेल्मेट जागेवर राहील इतकीच घट्ट. चकतीच्या जोरावर सैल हेल्मेट आवळलं की मुलाला डोकं दुखतं आणि पुढच्या वेळी हेल्मेट दिसलं की ते पळतं.

बक्कल लावताना आपलं बोट त्याच्या आणि गळ्याच्या कातडीच्या मध्ये ठेवा. हनुवटीखालची मऊ कातडी बक्कलमध्ये एकदा चिमटली की महिनाभराची सवय एका क्षणात जाते. चुंबकी बक्कल असलेली हेल्मेटं थोडी महाग असली तरी या एका कारणासाठी परवडतात.

थंडीत हेल्मेटखाली जाड लोकरी टोपी नको, पातळ कानटोपी चालेल आणि तीही घातल्यावर पट्टे पुन्हा तपासा. पट्टे महिन्यातून एकदा तरी बघावे लागतातच, ओढाओढीत ते आपोआप सरकत असतात.

कधी बदलायचं

डोकं आतमध्ये असताना आपटलं की हेल्मेट गेलं, बाहेरून चकचकीत दिसत असलं तरी. रिकामं हेल्मेट टेबलावरून पडलं तर त्यात डोक्याचं वजन नसल्याने सहसा काही होत नाही. तरी आतले पॅड काढून फोमवर बारीक भेग आहे का ते उजेडात बघा. भेग असेल, फोमचा तुकडा निघाला असेल, बक्कल नीट 'टक' करत नसेल, तर ते टाकून द्या.

धुताना साधा साबण आणि पाणी. थिनर, रंग आणि तीव्र क्लीनर फोमला किंवा कवचाला आतून कमजोर करू शकतात. मोठ्या कागदी स्टिकरने सजवायचं तर कवचावरच, फोमवर नाही. गाडीच्या मागच्या काचेखाली तापलेलं हेल्मेट ठेवू नका.

धाकट्याला थोरल्याचं हेल्मेट द्यावं का? आपल्याच घरात, कधीही न आपटलेलं, आतल्या लेबलवरची तारीख पाच वर्षांच्या आतली, वयोगट '१ आणि पुढे', तर द्या, फक्त पॅड नवे घाला. ओळखीच्यांकडून आलेल्या हेल्मेटाचा इतिहास त्यांनाही पूर्ण ठाऊक नसतो. शेजारच्या मुलाने ते घालून काय काय केलं, हे त्याच्या आईवडिलांना विचारण्यापेक्षा नवं घेतलेलं सोपं.